शोभेची दारू : तिचे सामान, खरेदी आणि प्रवास

आपल्या इंदूर शहरापासून पन्नास-साठ किलोमीटर अंतरावर, देपालपूर तहसिलीत, गौतमपुरा नावाचे गाव आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून ते ओळखले जाते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, सायंकाळी या गावच्या मैदानात हिंगोटाचे युद्ध होते. महाराष्ट्रात ज्याला हिंगणबेट म्हणतात त्या काटेरी झाडाचे कठीण कवचाचे फळ म्हणजे हिंगोट. संस्कृत काव्यांतून भेटणारी इंगुदी ती हीच. हे फळ पोखरून वाळवतात, त्यात दारू भरतात आणि बांबूची काडी बांधून त्याचा अग्निबाण करतात. गौतमपुऱ्याचा पक्ष तो तुर्रा आणि शेजारच्या रुणजी गावचा पक्ष ती कलगी. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात सवालजवाब झडतात. येथे पेटते बाण झडतात. हा विधी पिढ्यानपिढ्या चालत आला आहे आणि त्यात माणसे भाजतात हेही तितकेच खरे. २०१७ साली तर एका तरुणास प्राणास मुकावे लागले.

शोभेच्या दारूविषयी बोलताना आपण बहुधा तिच्या शोभेविषयी बोलतो, क्वचित तिच्या धोक्याविषयी. परंतु ही दारू ज्या पदार्थांपासून होते ते पदार्थ कोठून येतात, कोणत्या नावाने विकले जातात, गाडीतून किंवा जहाजातून कसे नेले जातात, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. वस्तुतः निम्म्याहून अधिक रहस्य याच प्रवासात दडलेले आहे. या लेखात त्या प्रवासाची ओळख करून द्यावयाची आहे. दारू कशी करावी याची माहिती मात्र येथे मिळणार नाही. ती न देण्याचे कारण लेख वाचून होईपर्यंत वाचकांच्या आपोआप ध्यानात येईल.

प्रथम सामान पाहू. कोणत्याही शोभेच्या दारूत मुख्यतः तीन कामे करणारे पदार्थ असतात. एक जळणारा, दुसरा जळण्यास प्राणवायू पुरवणारा आणि तिसरा रंग देणारा. लाकूड चुलीत जळते तेव्हा त्यास हवेतला प्राणवायू मिळतो व म्हणून ते सावकाश जळते. दारूमध्ये प्राणवायूचा साठा मिश्रणाच्या आतच असतो. त्यामुळे तिला हवेची वाट पाहावी लागत नाही; क्षणार्धात सर्व जळून जाते आणि निर्माण झालेला वायू वाट काढू लागतो. वाट मोकळी असेल तर बाण उडतो, बंद असेल तर स्फोट होतो. जुन्या काळ्या दारूत कोळसा व गंधक हे जळणारे पदार्थ आणि सोरा हा प्राणवायू पुरवणारा. रंगासाठी धातूंचे क्षार वापरतात. स्ट्रॉन्शियमने तांबडा, बेरियमने हिरवा, तांब्याने निळा आणि सोडियमने पिवळा रंग येतो. चांदीसारख्या लखलखत्या ठिणग्या ॲल्युमिनियमच्या चुऱ्याच्या असतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. यांपैकी एकही पदार्थ केवळ दारूसाठी जन्मलेला नाही. कोळसा लोहाराचा व इस्त्रीवाल्याचा. गंधक आयुर्वेदीय औषधांत आहे, रबराच्या कारखान्यात आहे, आणि द्राक्षांवर भुरी रोग पडू नये म्हणून त्याची भुकटी मळ्यांतून धुरळली जाते. ॲल्युमिनियमचा चुरा रुपेरी रंगात घालतात. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पाण्यात विरघळणारे खत म्हणून नाशिक-सांगलीकडचे बागायतदार त्यास ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ या आकड्यांनीच ओळखतात. म्हणजे एखाद्या द्राक्ष बागायतदाराच्या कोठीत गंधक व सोरा दोन्ही निमूटपणे नांदत असतात. वेगवेगळ्या पोत्यांत, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, कोरड्या जागी असतात तोवर त्यांचा कोणास उपद्रव नाही. म्हणून या मालाच्या खरेदीचे आणि वाहतुकीचे सारे शास्त्र दोन नियमांवर उभे आहे. जे एकत्र येऊ नये ते वेगळे ठेवावे, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर त्याचे खरे नाव व त्याचा धोका शेवटच्या हातापर्यंत पोहोचवावा.

यातला पहिला नियम आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. एकनाथांनी १५७१ साली पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त विवाहसमारंभातील दारूकामाचे वर्णन येते, यावरून त्या काळी ही कला महाराष्ट्रात रुळली होती असे दिसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील दारूकामाच्या इतिहासावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. पेशव्यांच्या बखरीत अशी हकिगत आहे की, महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीतील दारूकामाचे वर्णन सवाई माधवरावांस ऐकवले आणि मग पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा उभारण्यात आला. परंतु दारूची हौस करणारे हेच राज्य दारू साठवण्याच्या बाबतीत किती दक्ष होते ते रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त वाचावयास मिळते. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्या ग्रंथात गडावरील दारूखाना राहत्या घरांच्या जवळ नसावा, ठराविक दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, पुन्हा मुद्रा करून ठेवावी, नेहमी पहारा असावा आणि आज्ञेवाचून कोणास जवळ जाऊ देऊ नये, असा आशय सांगितला आहे. वस्तीपासून दूर, कोरडे, मोहोरबंद आणि पहाऱ्यात; आजचे नियम शेकडो पानांचे झाले असले तरी त्यांचा गाभा हाच आहे.

सोऱ्याच्या प्रवासालाही मोठा इतिहास आहे. बिहारमधील नोनिया जातीचे लोक खारवट मातीतून सोरा काढीत. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी पाटण्यास वखारी घातल्या. तेथून नावांत भरून गंगेच्या प्रवाहाने सोरा हुगळीस जाई आणि पुढे जहाजांच्या तळाशी वजनदार भरताड म्हणून युरोपास पोहोचे. युरोपातील कित्येक लढायांत उडालेली दारू आपल्या बिहारच्या मातीतून निघालेली होती. हा माल इतक्या दूर सुखरूप जाऊ शके, कारण तो निव्वळ सोरा होता. कोळसा आणि गंधक त्याला भेटत ते मुक्कामी पोहोचल्यानंतर, दारूच्या गिरणीत.

आता खरेदीकडे वळू. रासायनिक पदार्थ विकत घेताना पहिली अडचण येते ती नावाची. आपल्या बाजारात ‘पोटॅश’ हा एकच शब्द किती पदार्थांसाठी वापरला जातो ते पाहावे. शेतकऱ्याच्या तोंडी पोटॅश म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश, अर्थात पोटॅशियम क्लोराइड. मिठाचाच भाऊ, जळण्याशी त्याचा संबंध नाही. विहिरीत टाकावयाचे जांभळे पोटॅश म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. आणि दिवाळीत खेड्यापाड्यांतून ज्याला गंधक-पोटाश म्हणतात त्यातले पोटाश म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, जे या सर्वांत दगाबाज आहे. क्लोराइड आणि क्लोरेट या दोन नावांत थोडेसेच अंतर, दोन्ही पांढऱ्या भुकट्या, दोन्ही दिसावयास मिठासारख्या. एक पिकाला जोम देते, दुसरी चिमूटभर भुकटी नुसत्या घर्षणाने हात उडवू शकते. म्हणून रसायनाच्या व्यवहारात रूपावर विश्वास ठेवीत नाहीत; पूर्ण शास्त्रीय नाव पाहतात.

दुसरी गोष्ट प्रतीची. एकच पदार्थ शेतीच्या, कारखान्याच्या आणि प्रयोगशाळेच्या अशा निरनिराळ्या प्रतींत मिळतो व किमतीतही मोठे अंतर असते. स्वस्त प्रतीत काही भेसळ राहिलेली असते. खतात तिने बिघडत नाही, परंतु ज्वलनशील मिश्रणात तीच अनर्थाला कारण होते. तिसरी गोष्ट कागदपत्रांची. जबाबदार विक्रेता मालाबरोबर पावती तर देतोच, शिवाय सोळा विभागांचे सुरक्षा माहितीपत्रकही देतो. पदार्थाचे नाव, घटक, धोके, प्रथमोपचार, आग विझवण्याची रीत, साठवण, वाहतूक, सारे त्यात क्रमाने मांडलेले असते. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या बाटल्यांनाही हेच लागू आहे. विद्यार्थ्यांनी एखादे वेळी शिक्षकांकडून असे पत्रक मागून अवश्य वाचावे. धड्यात दोन ओळींत आटोपलेल्या पदार्थाविषयी किती सांगण्याजोगे असते ते त्यावरून कळेल.

खरेदीनंतर प्रवास. इंदूरहून देवास किंवा महूकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले असता पुष्कळ मालमोटारींच्या पाठीमागे टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाचे चिन्ह दिसते. हे चिन्ह जगभर एकच अर्थ सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीने धोक्याच्या मालाविषयीच्या शिफारशी १९५६ साली प्रथम प्रसिद्ध केल्या. त्यांतून वाढलेल्या पद्धतीत अशा मालाचे नऊ वर्ग आहेत. पहिला वर्ग स्फोटकांचा, त्याचे चिन्ह नारिंगी. तयार दारू आणि फटाके यात येतात. गंधक चौथ्या वर्गात, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चिन्हाखाली. पाण्याशी गाठ पडताच पेट घेणारा वायू सोडणाऱ्या पदार्थांचे चिन्ह निळे. सोरा व इतर प्राणवायुदायक पदार्थ पाचव्या वर्गात, पिवळ्या चिन्हाखाली. शिवाय प्रत्येक पदार्थास चार आकडी क्रमांक असतो. गंधकाचा १३५०, सोऱ्याचा १४८६. अपघातस्थळी पोहोचलेल्या अग्निशामक दलास मालाची भाषा येवो अगर न येवो, तो क्रमांक पाहताच पाणी मारावे की वाळू टाकावी हे कळते. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अशा गाड्यांवर ही माहिती लिहिणे आणि चालकाजवळ लेखी सूचना असणे आवश्यक केले आहे.

पिवळे चिन्ह आणि तांबड्या पट्ट्यांचे चिन्ह यांचा माल शेजारी ठेवू नये, फाटके पोते पुढे पाठवू नये, एका पदार्थाचे रिकामे पोते दुसऱ्यासाठी वापरू नये, हे वाहतुकीचे नित्याचे नियम होत. रेल्वेच्या डब्यात स्फोटक किंवा ज्वालाग्राही वस्तू बरोबर घेऊन बसणे हा गुन्हा असून त्यास कैदेची शिक्षा आहे. टपालाने असा माल पाठवण्यास १८९८ च्या टपाल कायद्यानेच मनाई केली होती आणि आजही ती मनाई कायम आहे. डाकेच्या थैलीत कोणाच्या पत्राशेजारी काय पडेल, थैली किती वेळा आपटली जाईल, हे कोणासच सांगता येत नाही. मनाईचे कारण एवढेच आणि ते पुरेसे आहे.

वेगळे ठेवण्याचा नियम मोडला तर काय होते याचे सर्वांत भयानक उदाहरण मराठी माणसाच्या आठवणीत अजून ताजे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या एप्रिल महिन्यात, ‘फोर्ट स्टिकाइन’ नावाचे जहाज कराचीमार्गे मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आले. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीस त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी चढवण्यात आल्या होत्या. १४ एप्रिल रोजी दुपारी कापसाला आग लागली. कापूस आतल्या आत धुमसतो. पाण्याचा मारा केला तरी गाठीच्या गाभ्यापर्यंत पाणी सहज जात नाही. चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला व थोड्या वेळाने दुसरा. शेकडो माणसे मेली, गोदीलगतचा भाग उद्ध्वस्त झाला, आणि आग विझवण्यास गेलेल्या मुंबई अग्निशामक दलाच्या ६६ जवानांनी प्राण दिले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

अशा अनुभवांतूनच कायदे जन्मास येतात. आपल्या देशात स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ साली झाला आणि वेळोवेळी त्यात सुधारणा होत गेल्या. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या शेजारी नागपूर येथे आहे. परवान्यावाचून दारू किंवा फटाके तयार करणे हा गुन्हा आहे, आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेल्यास परवाना मिळत नाही. क्लोरेट आणि गंधक यांच्या मिश्रणावर सरकारने १९९२ साली सर्वस्वी बंदी घातली. ही बंदी येण्यापूर्वी दोनशे वर्षे जगाने धडे घेतले होते. फ्रान्समध्ये बर्थोले या रसायनशास्त्रज्ञाने क्लोरेट शोधून काढल्यावर १७८८ साली एसोन येथील गिरणीत सोऱ्याऐवजी ते घालून दारू करून पाहण्यात आली. त्या प्रयोगातच गिरणी उडाली व दोघे जण दगावले. प्रयोग पाहण्यास आलेला महान शास्त्रज्ञ लाव्हाझिए व त्याची पत्नी थोडक्यात बचावली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली फटाक्यांत शिसे, पारा, आर्सेनिक, अँटिमनी व लिथियम वापरण्यास मनाई केली आणि २०१८ साली बेरियमच्या क्षारांसही. पहिल्या कायद्यामागे हाताडोळ्यांची काळजी होती. या निकालांमागे श्वासाची आहे.

कायदा असूनही अपघात का होतात? आपल्याच प्रदेशाकडे पाहू. १२ सप्टेंबर २०१५ रोजी झाबुआ जिल्ह्यातील पेटलावद येथे भर वस्तीत साठवलेल्या स्फोटकांचा स्फोट होऊन सत्तरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १८ एप्रिल २०१७ रोजी इंदुरातच, राणीपुऱ्याच्या गजबजलेल्या बाजारात, फटाक्यांच्या दुकानास आग लागून अनेकांचे प्राण गेले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हरदा येथील फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला; त्यातही दहाहून अधिक माणसे दगावली व कित्येक घरे उद्ध्वस्त झाली. पेटलावद आणि राणीपुरा येथील माल तर रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, माणसांच्या मधोमध होता. आज्ञापत्रातील पहिलेच वाक्य आपण विसरलो होतो.

२०२५ च्या दिवाळीतील घटना तर विद्यार्थ्यांच्या वयाशीच निगडित आहे. त्या वर्षी मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’ नावाचे एक खेळणे थोड्या पैशांत विकले गेले. त्याने शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांस इजा झाली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती आणि काहींची दृष्टी गेली. कॅल्शियम कार्बाइड हा पदार्थ वितळजोडकाम करणाऱ्यांच्या कामाचा. पाण्याशी संबंध येताच त्यातून ॲसिटिलीन हा अतिज्वालाग्राही वायू निघतो. कारखान्यातून तो बंद डब्यात, निळ्या चिन्हासह आणि क्रमांकासह निघतो. पण डबा फुटला, खडे सुटे झाले, कागदाच्या पुडीत बांधले गेले, आणि मुलाच्या हाती पोहोचले तेव्हा त्यांच्याबरोबर नाव नव्हते, चिन्ह नव्हते, इशाराही नव्हता. दुसरा नियम मोडतो तो असा. माल शेवटपर्यंत गेला, माहिती मात्र वाटेतच गळून पडली.

आज ही गळती अधिक सोपी झाली आहे. घरबसल्या मागणी नोंदवावी आणि दोन दिवसांत पुडके दारी यावे, अशी सोय झाली आहे. पुडक्यावर ‘खत’ किंवा ‘रंगाचे सामान’ एवढेच लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. परंतु मागवणाऱ्याच्या मनात दुसरेच काही असेल, तर ते शब्द अपुरे पडतात. सोळा वर्षांचा हुशार मुलगा दोन पुडकी मागवून घराच्या गच्चीवर बसतो. त्याला वाटते की आपण रसायनशास्त्र शिकतो आहोत. प्रत्यक्षात कारखान्यात भिंती, अंतर, ओलावा, कपडे, भांडी आणि वर्षांचा सराव मिळून जी काळजी घेतात, त्यापैकी त्या गच्चीवर काहीही नसते. आणि खाली त्याची आई स्वयंपाक करीत असते.

या विषयाची ओढच वाईट, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत दारूकामाचा छंद असणाऱ्यांची संस्था १९६९ पासून आहे. तेथे छंदासाठी दारूकाम करणाऱ्यासही परवाने, ठराविक अंतरावरील कोठारे आणि तपासण्या यांचे बंधन पाळावे लागते, व टपालाने स्फोटके पाठवण्यास तेथेही मनाई आहे. आपल्याकडे घरगुती छंद म्हणून ही वाट मोकळी नाही, पण विद्येची वाट मोकळी आहे. प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली ज्योतीचा रंग पाहून धातू ओळखण्याचा प्रयोग करावा. आकाशातील हिरव्या-तांबड्या रंगांचे मर्म त्यात आहे. पुढे रसायनशास्त्र किंवा अग्निसुरक्षा अभियांत्रिकी शिकावी. नागपूरच्या संघटनेतील अधिकारी, अग्निशामक दलाचे प्रमुख, कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी ही सारी पदे याच ज्ञानावर उभी आहेत. देशाचे अग्निबाण अवकाशात सोडणारे शास्त्रज्ञही जळणारा आणि प्राणवायू देणारा पदार्थ यांचाच संसार सांभाळीत असतात.

आणि तोपर्यंत प्रत्येकास करता येण्याजोगे एक काम आहे. घरात, शेताच्या कोठीत, गॅरेजमध्ये ठेवलेल्या डब्यांकडे एकदा नीट पाहावे. कोणत्या डब्यावरचे नाव पुसले गेले आहे, कोणते खत सरबताच्या जुन्या बाटलीत भरलेले आहे, कोणती दोन पोती एकमेकांना टेकून ठेवली आहेत, हे वडील माणसांच्या नजरेस आणून द्यावे. अनोळखी भुकटीस आपण स्वतः हात लावू नये. नाव लिहिण्यास एक पेन पुरते आणि दोन पोती दूर सारण्यास दोन माणसे.